सुटी रेघ

पाण्याची बाटली गाडीत राहिली म्हणून तो शाळेत आत गेला, एवढंच. एरवी मुलीला फाटकाशी सोडायचं, तिनं मागे वळूनही न बघता पळत सुटायचं आणि आपण गाडी वळवायची, असा रोजचा नेम. त्या दिवशी बाटली द्यायला म्हणून तो जिना चढून वर गेला, तर वर्गाबाहेरच्या लांब भिंतीवर मुलांनी काढलेले नकाशे ओळीनं लावलेले. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘मी पाहिलेली एक जागा’. कुणी बाग काढली होती, कुणी मामाचं दुकान, एका पठ्ठ्यानं तर स्वतःचं अंथरूणच काढलं होतं, उशी उत्तरेला. त्याला हसू आलं. नकाशा दिसला की पाय आपोआप थांबायचे ही त्याची जुनी खोड. बायको अजून सांगते की हा माणूस स्वतःच्या लग्नात हॉलच्या भिंतीवरचा, आग लागली तर कुठून पळायचं ते दाखवणारा नकाशा वाचत उभा होता. तर तसाच एकेक कागद बघत तो पुढे सरकला, आणि मधोमध, सगळ्यांत मोठ्या कागदावर, त्याला आपलं ऑफिस दिसलं.

ऑफिस म्हणजे नुसती त्याची नकाशाघरातली खोली नव्हे, अख्खा लष्करी तळ. मुख्य फाटक, तिथून घराकडे येणारी वाट, आतला रस्ता आणि त्याचं ते ऐसपैस वळण, वर्कशॉपची लांब शेड, पाण्याची टाकी, कवायतीचं मैदान, मागची बुटकी टेकडी. वर्षातून एकदा घरच्यांना बसमधून तळ दाखवतात, त्या फेरीत खिडकीतून बघून नऊ वर्षांच्या पोरीनं काढलेला; पण एकही गोष्ट आपली जागा सोडून नव्हती. त्या फेरीच्या वेळी फाटकावर सगळ्यांचे मोबाइल काढून घेतात. डोळे काढून ठेवायची सोय अजून झालेली नाही. मुंगी हे तिचं घरातलं नाव. चालायला लागली तेव्हापासून एकदा गेलेली वाट विसरायची नाही, म्हणून आईनं ठेवलेलं. खरं सांगायचं तर त्याला पहिल्यांदा वाटला तो अभिमानच. अरे, माझी पोर आहे ही! आपल्या ऑफिसात पदव्या घेऊन येणाऱ्यांना जे हाताला धरून शिकवावं लागतं ते हिला नुसतं बघून येतं! मग त्याची नजर टेकडीच्या मागे गेली आणि तिथेच थांबली. टेकडीमागून एक बारीक रस्ता निघून कागदाच्या कडेशी असलेल्या एका छोट्या चौकोनाला मिळाला होता, आणि चौकोनाशेजारी मुंगीच्या गोल गोल अक्षरांत लिहिलं होतं, ‘मागचं फाटक’. बस त्या बाजूला जात नाही. ते फाटक बाहेरच्या कुठल्याही नकाशात नाही, असू नये यासाठीच त्याला पगार मिळतो. आणि ती रेघ मुंगीची नव्हती. मुंगी पेन्सिल दाबून धरते, तिची रेघ जाड येते. ही रेघ हलकी होती, एका दमात ओढलेली, टोकाशी जराशी थांबून नीट जुळवलेली. ही रेघ त्यानं काढली होती.

“बघितलात ना?” मागून वर्गाच्या बाई आल्या. “उद्या पालक येतील ना, तेव्हा हाच मधोमध ठेवणार आहे. कुणी मदत केलेली दिसत नाही. खरं ना?”

“नाही. म्हणजे, हो. तिनंच काढलाय.”

“डोळा आहे हो पोरीला! मोठ्या माणसांना असा डोळा नसतो.” बाई कौतुकानं कागदाची वाकलेली कड सरळ करत म्हणाल्या. त्यानं बाटली त्यांच्या हातात दिली आणि जिना उतरला. गाडीत बसल्यावर त्याच्या ध्यानात आलं की आपण किल्ली फिरवलेलीच नाही आणि स्टिअरिंग मात्र घट्ट धरून बसलोय.

काय करायचं? नियम साधा होता आणि त्याला तोंडपाठ होता : तळाबद्दलचं काही बाहेर गेलं असं कळलं की ताबडतोब सुरक्षेच्या मेजरसाहेबांना सांगायचं. कारण काही का असेना, ताबडतोब. मेजरसाहेबांचा मुलगा त्याच शाळेत वरच्या वर्गात होता, म्हणजे उद्या ते स्वतःच येणार आणि भिंतीसमोर उभे राहणार. सांगितलं तर चौकशी. पहिल्यांदा त्याचा नकाशाघरात जायचा पास जाईल, मग कदाचित नोकरीही. ते तर आलंच. पण चौकशी म्हणजे मुंगीलाही विचारणार. बाळ, हे तुला कुणी सांगितलं? आणखी काय सांगितलं? आणखी कुठे काढलंस? एखादा अनोळखी माणूस अगदी गोड आवाजात विचारेल, आणि ती टेबलावर हात ठेवून सगळं खरं खरं सांगेल. पुढे कधी ती पेन्सिल हातात घेईल का? गाडी सिग्नलला थांबली होती आणि मागचे लोक हॉर्न वाजवत होते, तेव्हा कुठे त्याला दिवा हिरवा झालेला दिसला.

आता मुळात हे घडलं कसं, हे तळावर न काम केलेल्या माणसाला सांगून पटायचं नाही. तळावर प्रत्येक खात्याचा आपापला नकाशा. पाणीवाल्यांचा वेगळा, विजेवाल्यांचा वेगळा, रस्तेवाल्यांचा वेगळा, आणि प्रत्येकाची खात्री की आपलाच खरा. तो नोकरीला लागला तेव्हा पाणीवाल्यांची विहीर रस्तेवाल्यांच्या रस्त्याच्या बरोबर मध्ये यायची आणि विजेचा एक खांब कुणाच्या तरी न्हाणीघरात उभा असायचा. हे सगळे थर संगणकात एकावर एक ठेवून त्यांचा एकमेकांशी मेळ घालायचा, हे त्याचं काम. दिसायला सोपं, पण डोळ्यांचं पाणी काढणारं. आणि त्यातलं सगळ्यांत किचकट म्हणजे सुट्या रेघा. रस्ता असो, पाइप असो, तार असो, ती कुठून तरी निघाली की कुठे तरी मिळायलाच हवी. काढणाऱ्याचा हात जरा अलीकडे थांबला की रेघ हवेत लोंबकळत राहते, आणि संगणक तिच्या टोकावर लाल ठिपका टाकतो. असे लाल ठिपके विझवण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली. डोळे मिटले तरी त्याला ते दिसायचे. जेवताना ताटात शेंग आडवी पडली तर तो ती नकळत दुसऱ्या शेंगेला नेऊन टेकवायचा, आणि बायको म्हणायची, जुळली का? आता खा.

मुंगीनं हा नकाशा काढला त्या संध्याकाळी तो मटार सोलत बसला होता. बायको आतल्या खोलीत बहिणीशी फोनवर बोलत होती, मुंगी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला चित्र काढत होती. काय काढतेय ते त्यानं विचारलंही नव्हतं. एक दाणा घरंगळत तिच्या कागदावर गेला, तो उचलायला त्यानं हात पुढे केला, आणि टेकडीमागे गेलेली ती रेघ त्याला दिसली. बसच्या खिडकीतून रस्ता टेकडीच्या आड जाताना दिसतो तेवढा तिनं प्रामाणिकपणे काढला होता आणि दिसेनासा झाला तिथे सोडून दिला होता. कोऱ्या कागदात रेघ लोंबकळत होती. बस्स. त्यानं तिची पेन्सिल घेतली, रेघ पुढे नेली, जिथे मिळायला हवी तिथे नेऊन मिळवली, आणि पुन्हा शेंगा सोलायला लागला. “तिकडे काय आहे बाबा?” “मागचं फाटक,” तो म्हणाला, आणि दाणा तोंडात टाकला. इतकं सहज! कुणी त्याला बांधून मारलं असतं तरी त्यानं ते फाटक सांगितलं नसतं, याबद्दल त्याच्या मनात आजही शंका नव्हती. पण रेघ सुटी राहिली होती.

“काय नकाशेबुवा, घरी भांडण झालं वाटतं?” ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या पाणीबाईंनी विचारलं. त्या पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअर. सगळा तळ त्यांना पाणीबाई म्हणायचा आणि त्याही फोन उचलून “पाणीबाई बोलतेय” असंच म्हणायच्या.

“नाही हो. झोप नाही झाली.”

“मग आज काम माझं करा, म्हणजे लागेल. नगरपालिकेला द्यायची प्रत झाली का? त्यांचा माणूस रोज फोन करून माझं डोकं खातोय.”

नगरपालिकेची नवी पाइप तळाच्या भिंतीजवळून जायची होती, म्हणून त्यांना तळाच्या त्या बाजूच्या नकाशाची प्रत हवी होती. प्रत द्यायची म्हणजे जे दाखवायचं नाही ते त्यातून काढून टाकायचं. तो बसला आणि एकेक गोष्ट पुसायला लागला. दारूगोळ्याचं कोठार गेलं. तिथे जाणारी तार गेली. पण नुसतं पुसून भागत नाही. भोवतालच्या सगळ्या रेघा एकाच ठिकाणी येऊन थांबल्या की बघणाऱ्याला बरोबर कळतं, इथे काहीतरी आहे. म्हणून मोठा भाग एकदम कोरा करायचा, मोकळ्या मनानं. त्याच्या पहिल्या साहेबांनी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं : कोरं ठेवायचं, खोटं काढायचं नाही. न सांगणं हे आपलं काम आहे; चुकीचं सांगितलं तर उद्या आपलाच आगीचा बंब आपल्याच भिंतीवर जाऊन आदळेल. त्याला हे इतकं पटलं होतं की घरीसुद्धा तो तसाच वागत आला. ऑफिसात काय झालं असं बायकोनं विचारलं की गप्प बसायचा, पण थाप कधी मारली नाही. आज मात्र कोरा केलेला तो पांढरा भाग बघवेना. टेकडी, तिच्यामागचा रस्ता, मागचं फाटक, सगळं त्यानं इथून पुसलं, आणि तेच सगळं शाळेच्या भिंतीवर टाचण्या लावून टांगलेलं होतं. येणारे-जाणारे पालक बघून म्हणत असतील, वा! तो दोनदा पाणी प्यायला. हात धुऊन आला. पुन्हा धुऊन आला.

जेवणाच्या सुट्टीत त्यानं मोकळ्या पटांगणात जाऊन बायकोला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“अरे, लहान मुलीचं चित्र आहे ते,” मग ती म्हणाली.

“माझी रेघ आहे त्यात.”

“मग तिला सांग ना खरं. म्हणावं, बाबाचं चुकलं, ती जागा गुपित आहे, आपण तेवढं खोडू. शहाणी आहे ती, कळेल तिला.”

“गुपित आहे असं सांगितलं की ते गुपित होतं, तुझ्या लक्षात येतंय का? आत्ता तिच्यासाठी ते नुसतं फाटक आहे. उद्या मैत्रिणीनं विचारलं, का गं खोडलंस? तर ती काय सांगणार? सांगायचं नाहीये म्हणून सांगणार. मग सगळा वर्ग तेच विचारत बसेल. तिला खोटं बोलता येत नाही.”

“हो, आणि ते चांगलं आहे,” बायको म्हणाली. “तेवढं तिचं बिघडवू नकोस म्हणजे झालं.” आणि फोन ठेवला. तिचा राग आरडाओरडीचा नव्हता, फोन ठेवण्याचा होता.

मेजरसाहेबांना सांगून टाकावं, मोकळं व्हावं, असं ठरवून तो त्यांच्या खोलीपर्यंत गेलासुद्धा. ते फोनवर होते. त्यांनी हातानंच बसायची खूण केली. भला माणूस. कुणाच्या घरी आजारपण आलं तर स्वतः जाऊन चौकशी करणारा. आडमुठा असता तर बरं झालं असतं, निदान मनातल्या मनात शिव्या तरी देता आल्या असत्या. तो टेबलाच्या काचेखाली ठेवलेली मुलाच्या शाळेची सूचना वाचत बसला. वाक्य तयार होतं. साहेब, माझ्याकडून एक चूक झालीय. फोन संपला आणि मेजरसाहेब हसत म्हणाले, “उद्या तुम्हीही येताय ना शाळेत? आमच्या चिरंजीवांनी क्रिकेटचं मैदान काढलंय म्हणे. सगळं चौकोनी! म्हटलं, गाढवा, मैदान गोल असतं. तर म्हणतो, कागद चौकोनी आहे.” तो हसला. नको तितका मोठ्यानं हसला. “आणि तुमच्या मुलीनं काय काढलंय? तुमच्या रक्तातच आहे, काहीतरी जोरदार असणार.” “बघा की उद्याच,” तो म्हणाला. हे आपणच बोललो हे त्याला खोलीबाहेर आल्यावर कळलं. तयार केलेलं वाक्य तसंच राहिलं होतं. उद्या बघा! म्हणजे आता आजच काय ते करायला हवं.

बरं वाटत नाही असं पाणीबाईंना सांगून तो लवकर निघाला. शाळेकडे जाणारा नेहमीचा रस्ता खणून ठेवला होता, म्हणून वाहनं गल्ल्यांतून वळवली होती. आणि दर कोपऱ्यावर कुणीतरी काच खाली करून कुणाला तरी रस्ता विचारत होतं. रस्ता विचारणारी माणसं बघितली की त्याला आई आठवायची. आईला डावं-उजवं पटकन सांगता यायचं नाही. वडिलांना त्याची भारी गंमत वाटायची. चार माणसांत हमखास म्हणायचे, हिला विचारून निघा, थेट समुद्रात पोचाल! माणसं हसायची, आईही हसायची. एकदा ते तिघं कुणाच्या तरी घरी निघाले होते, तो सात-आठ वर्षांचा असेल. चौकात आई म्हणाली, औषधाच्या दुकानामागची गल्ली. वडील म्हणाले, तुला काय कळतंय, आणि सरळ चालायला लागले. भर उन्हात कितीतरी वेळ पायपीट करून ते परत त्याच चौकात आले, औषधाच्या दुकानामागच्या गल्लीत शिरले आणि समोरच ते घर. आई बरोबर होती. पण घरी आल्यावर वडील सगळ्यांना सांगत सुटले की हिनं मध्येच बोलून माझा घोळ केला, आणि आई म्हणाली, हो, माझाच घोळ झाला. तिनं हे वडिलांची मर्जी राखायला म्हटलं नव्हतं. तिला खरंच तसं वाटत होतं. त्याला ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं होतं. पुढे पुढे ती कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा कुणाला तरी बरोबर घेऊन जायला लागली. आपण नकाशांच्या कामात का पडलो असं कुणी विचारलं की तो गणित, भूगोल असं काहीतरी सांगायचा. खरं कारण असं की कोण बरोबर होतं हे कुठेतरी एकदाचं नीट काढून ठेवलेलं असावं, असं त्याला त्या दिवसापासून वाटत आलं होतं. मागच्या रिक्षावाल्यानं ओरडून विचारलं, दादा, झोप लागली का? त्यानं गाडी पुढे घेतली.

शाळा सुटत आली होती. बाई वर्गाबाहेर खुर्चीवर चढून भिंतीला रंगीत पट्ट्या लावत होत्या. “नकाशा जरा घरी नेऊ का?” त्यानं विचारलं. “त्यात थोड्या चुका आहेत. माझ्या कामातला विषय आहे ना, मला बघवत नाही.” हे तो इतक्या शांतपणे बोलला की त्याचं त्यालाच नवल वाटलं. “अगंबाई! आम्हाला काय कळणार त्यातलं,” बाई खुर्चीवरून उतरल्या आणि टाचण्या काढायला लागल्या. “पण उद्या शाळा भरायच्या आत आणा हं. मधली जागा तिचीच ठेवते मी. तुम्ही नका काढून देऊ मात्र, तिलाच काढू दे.” “तिलाच काढू देईन,” तो म्हणाला. गुंडाळी हातात आल्यावर खरं तर त्याचा जीव भांड्यात पडायला हवा होता. पण बाहेर पडेपर्यंत त्याच्या ध्यानात आलं की कागद हातात आला म्हणून काय झालं? कागद जाळता येईल, पण तिला पुन्हा काढ म्हटलं की ती हाच काढणार. जसाच्या तसा. तेवढ्यात मुंगी धावत आली, त्याच्या हातातली गुंडाळी बघून थबकली आणि म्हणाली, “माझा आहे?”

गाडीत त्यानं तिला सांगितलं की नकाशात थोडं चुकलंय, नवा काढू. घरी आल्यावर ती दूध प्यायली, हात पुसले, टेबलावर नवा कोरा कागद पसरला, जुना त्याच्या शेजारी ठेवला आणि त्याच्यासमोर बसली. बाहेर अजून उजेड होता, खालच्या अंगणात मुलं खेळत होती. बायको ओट्याशी पाठ करून उभी होती.

“कुठे चुकलंय?” मुंगीनं विचारलं. आवाजात रुसवा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

सुरुवात त्यानं सोप्या गोष्टीनं केली. मागचं फाटक तिथे नाही, मी घाईत चुकीचं सांगितलं. ती म्हणाली, बरं, ते तूच काढलं होतंस. फाटक गेलं, रेघ गेली. एवढ्यावर थांबता आलं असतं. पण कागदाच्या त्या कोपऱ्याकडे बघताना त्याच्या सवयीच्या डोळ्यांना लगेच दिसलं की बाकी सगळं इतकं चोख आहे, इतकं जागच्या जागी आहे, की ज्याला तळ माहीत आहे तो हा नकाशा बघून दचकणारच. मेजरसाहेब दचकणारच. टेकडी कोरी सोडली तर कोऱ्यावर बोट ठेवून विचारतील. सगळाच नकाशा मुलांच्या नकाशासारखा व्हायला हवा, ढोबळ, वेडावाकडा. “वर्कशॉप इतकं लांब नाहीये,” तो म्हणाला. “आणि रस्ता असा वळत नाही, सरळ जातो.” ती पेन्सिल धरून ऐकत होती. “आणि टाकी मैदानाच्या या बाजूला.”

“नाही,” मुंगी म्हणाली. “टाकी त्या बाजूला.”

“या बाजूला, मुंगे.”

“नाही बाबा. मी बसमध्ये उजवीकडे बसले होते. माझ्या बाजूला ऊन येत होतं म्हणून मी पडदा लावला होता, आणि मग मधेच ऊन गेलं, म्हणून मी पडदा सरकवून बघितलं तर टाकीची सावली होती. मग मैदान आलं. म्हणजे टाकी आधी आणि त्या बाजूला.” तिनं हे सगळं हातानं हवेत करून दाखवलं, बस, पडदा, ऊन, सावली. तंतोतंत बरोबर होतं. तो इतकी वर्षं ज्या लोकांबरोबर काम करत होता त्यांच्यापैकी कुणीही असं सांगितलं नसतं. त्याला तिला जवळ घ्यावंसं वाटलं. बायकोचा ओट्यावरचा हात थांबला होता. पाठ तशीच होती.

“तुला नीट आठवत नाहीये,” तो म्हणाला.

मुंगीनं त्याच्याकडे बघितलं. वाद घालायच्या तयारीनं तिनं तोंड उघडलं, पण बोलली नाही. तिच्या कपाळावर एक बारीकशी आठी आली आणि ती स्वतःशीच पुन्हा एकदा बसमध्ये जाऊन बसली असावी. डोळे उजवीकडे गेले, परत आले, पुन्हा गेले. मग ती म्हणाली, “पण ऊन आलं होतं ना?” त्याला नाही, स्वतःलाच विचारल्यासारखं. “तू रोज जातोस,” ती म्हणाली. “म्हणजे तुझंच बरोबर असणार.” आणि तिनं खोडरबर घेतलं आणि टाकी पुसली. नीट, डाग राहू न देता, फुंकर मारून. मग तो सांगेल तिथे एकेक गोष्ट काढत गेली. वर्कशॉप आखूड झालं. रस्ता सरळ झाला. मैदान उगाच कोपऱ्यात गेलं. तो सांगत होता आणि ती हं, हं, म्हणत होती, आणि तिची जाड रेघ हळूहळू हलकी व्हायला लागली होती, कधीही पुसावी लागेल अशी. बायको आतल्या खोलीत निघून गेली. दार तिनं आपटलं नाही, नुसतं लावून घेतलं. झालं, त्याला वाटलं, सुटलो. उद्या मेजरसाहेब हसतील, म्हणतील, तुमच्या मुलीनं टाकी बरोबर उलटी काढलीय की हो! आणि आपणही हसू.

आता फक्त फाटकापासून घरापर्यंतचा रस्ता राहिला होता. बसमधून उतरून मुंगी घरी कशी आली, तो भाग. त्यात त्याला काही सांगायचं नव्हतं. तो तिचाच होता, रोजचा, पायाखालचा. तो टेबलावरचे रबराचे कण गोळा करायला लागला. थोड्या वेळानं त्याला जाणवलं की पेन्सिलीचा आवाज येत नाहीये.

“बाबा, मोठ्या रस्त्यावरून आपल्या गल्लीत येताना आपण डावीकडे वळतो ना?”

“हो.”

“नक्की?”

“अगं, रोज येतेस की तू!”

“हो,” मुंगी म्हणाली. “पण टाकीपण मला नक्कीच वाटत होती.”

तिनं पेन्सिल कागदाला टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली. मग ती फिरवून त्याच्यापुढे धरली. “हे तूच काढ,” ती म्हणाली.